‘समजलं का?’ विचारायचं नाही

इंग्रजी शिकवायला शिकण्यासाठी १२० तास लागतात, याबद्दल जगात एकमत आहे. हजारभर रुपयांत मोबाइलवर उरकणाऱ्या कोर्सलाही १२० तास आणि लाखाच्या वर फी घेऊन माणसाची झोप उडवणाऱ्या कोर्सलाही १२० तासच. फरक एवढाच, की महागड्या कोर्सचे तास घड्याळात जातात, स्वस्तातले नुसते प्रमाणपत्रावर छापलेले असतात. माझ्या पुतणीच्या एका मैत्रिणीने रविवारी सकाळी पोहे खाऊन सुरू केलेले १२० तास दुपारच्या जेवणाआधी संपवले. मधे केसही धुतले.

पुतणी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि बाणेरच्या एका ऑफिसात लोकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहू लागली. गाद्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्या विषयांवर लिहून झाल्यावर एका संध्याकाळी तिने जाहीर केलं, की आपण व्हिएतनामला जाऊन इंग्रजी शिकवणार.

“तिथलं युद्ध संपलं का?” वहिनींनी विचारलं.

“१९७५ साली,” दादा म्हणाला.

आजीचा मुद्दा वेगळा होता. “इथल्या पोरांचं झालं का शिकून, की निघालीस तिकडच्यांना शिकवायला?”

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वाय-फायला हा बेत कळला. आजी यूट्यूबवर कीर्तन ऐकायला बसली की पूर्वरंग संपता संपता जाहिरात यायची: समुद्र, शहाळं, मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे सोनेरी केसांची हसरी मुलगी. जग फिरा, इंग्रजी शिकवा, कमवा! त्या चित्रात फळा नव्हता, पोरं नव्हती, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा नव्हता. शिक्षकी पेशाची इतकी सुखी जाहिरात मी पहिल्यांदाच पाहत होतो. आपल्याकडचा शिक्षक म्हणजे जनगणनेच्या नाहीतर निवडणुकीच्या कामावर गेलेला माणूस. तो समुद्रावर दिसला तर त्याच्या हातात मतदारयादी असते.

जाहिरातीवर बोट ठेवलं की दुकान उघडायचं. मूळ किंमत ठळक अक्षरांत, तिच्यावर लाल काट, खाली सवलतीची किंमत आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ. सवलत संपायला एवढे तास, एवढी मिनिटं, एवढे सेकंद. पुतणीचा जीव वरखाली होऊ लागला. वहिनींची सगळी हयात लक्ष्मी रोडवरच्या सेलमध्ये गेलेली. त्या शेंगा सोलायला घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या. घड्याळ शून्यावर आलं. क्षणभर काही झालं नाही. मग ते गपकन २४ तासांवर जाऊन नव्या उमेदीने पळू लागलं, आणि सवलत पाच टक्क्यांनी वाढली.

“थांब गं,” वहिनी म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत हेच आपल्याला पैसे देतील.”

मूळ १२० तासांना जोड म्हणून आणखी तास विकायला होते. लहान मुलांना शिकवण्याचे ३०, ऑनलाइन शिकवण्याचे ३०, ऑफिसातल्या साहेबलोकांना शिकवण्याचे ३० आणि व्याकरणाचे ३०. व्याकरणाचे पैसे वेगळे पडतात हे ऐकून आजी हबकली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली पिढी ती. तिच्या लेखी व्याकरण सोडून इंग्रजीत शिकवायला उरतं काय?

या स्वस्त कोर्समधून काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. धड्याचा आराखडा कसा करायचा, वर्गात खेळ कोणते घ्यायचे, पूर्ण वर्तमानकाळ कुठे वापरतात, ही माहिती त्यांत असते आणि ती खोटीही नसते. पण पोहण्यावरचं पुस्तक वाचून झाल्याचा दाखला आणि पोहता येत असल्याचा दाखला हे दोन्ही एकाच आकाराच्या, एकाच सोनेरी किनारीच्या कागदावर छापले जातात, तिथे घोटाळा आहे.

दादाचा प्रश्न एकच होता. मान्यता कुणाची? मराठी बापाला अभ्यासक्रमात काय आहे यापेक्षा त्याला मान्यता कुणाची आहे याची चिंता जास्त असते. ती का असते, हे बारावीनंतर मुलांना घेऊन कॉलेजांच्या पायऱ्या झिजवलेल्यांना सांगायला नको. शिवाय दादा आयुष्यभर सहकारी बँकांचे हिशेब तपासत आला. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दिसला की त्याचा चष्मा आपोआप नाकाच्या शेंड्यावर येतो.

तर त्याला कळलं ते असं. या सगळ्या कोर्सच्या नावात झळकणारं टेफल हे कुठल्या संस्थेचं नाव नाही आणि परीक्षेचंही नाही. ते नुसतं परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या उद्योगाचं लघुरूप आहे. टेसल आणि टेसॉल ही त्याचीच भावंडं. या नावांवर कुणाची मालकी नाही आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं जागतिक मंडळही नाही. उद्या मी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसात टेफलचे वर्ग काढले तर मला कुणीही अडवणार नाही. सेक्रेटरी फक्त भाडं मागतील.

पुतणीने निवडत आणलेल्या एका कोर्सच्या पानावर तळाला एका आंतरराष्ट्रीय परिषदेची मोहोर होती. पंख पसरलेला गरुड, त्याखाली लॅटिन. दादाने ती परिषद शोधून काढली. परिषदेने आजवर कोणाकोणाला मान्यता दिली ते पाहिलं, तर यादीत हा एकच कोर्स. मग पत्ते ताडून पाहिले. परिषद आणि कोर्स एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. दोन्हीकडे फोन लावला, तर दोन्हीकडे एकाच बाईंनी उचलला, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी दादाचा आवाज ओळखला. दादाने हात चोळले. रिटायर झाल्यापासून इतकं निर्मळ प्रकरण त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

छाननीत दोन नावं टिकली. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्ट-टेसॉल.

सेल्टाचा वंशवृक्ष चांगल्या घरातला आहे. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधल्या कोर्दोबात इंग्रजीची शाळा काढली. पुढे लंडनमध्येही शाळा निघाली, आणि शिक्षक घडवायला १९६२ साली त्यांनी एक आखूड कोर्स सुरू केला. त्यात तत्त्वज्ञान थोडं आणि वर्गात उभं राहणं जास्त. इंग्रज असणं वेगळं आणि इंग्रजी शिकवता येणं वेगळं, ही गोष्ट एका इंग्रजाने इतकी मनावर घेतली याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे मराठीच्या बाबतीत ती अजून कुणाच्या मनातही आलेली नाही. त्या कोर्सची परंपरा १९८८ पासून केंब्रिजच्या हाती आहे. त्यातले १२० तास प्रशिक्षकांच्या देखत जातात. त्यांतच ६ तास खऱ्याखुऱ्या, हाडामांसाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, ६ तास मुरलेल्या शिक्षकांचे वर्ग बघायचे, शिवाय ४ लेखी निबंध द्यायचे, आणि केंब्रिजने नेमलेला बाहेरचा माणूस येऊन हे सगळं तपासून जातो.

“एक्स्टर्नल येतो?” दादा म्हणाला. त्याचा चष्मा जागेवर गेला.

ट्रिनिटीचं नाव निघताच वहिनी म्हणाल्या, “ती तर पियानोची परीक्षा.” खरंच आहे. १८७७ पासून संगीताच्या परीक्षा घेणारी हीच ती लंडनची संस्था. गोव्यात, वांद्र्यात, पुण्याच्या कॅम्पात कित्येक घरांच्या भिंतींवर तिची प्रमाणपत्रं आहेत आणि ज्यांनी ती मिळवली त्यांच्यातल्या निम्म्यांनी नंतर पियानोला हात लावलेला नाही. या संस्थेच्या इंग्रजीच्या कोर्समध्ये एक मजेदार शिक्षा आहे. शिकाऊ शिक्षकांना काही तास एक अगदी अनोळखी भाषा त्याच भाषेतून शिकवतात. समोरचा माणूस अगम्य आवाज काढतोय, बाकीचे माना डोलावताहेत, आपल्याला एक अक्षर कळत नाही आणि आपली पाळी जवळ येत चालली आहे. नवशिक्याच्या पोटात कसा गोळा येतो ते शिक्षकाला आतून कळावं, हा हेतू. मला कल्पना फार आवडली. दादाला आवडली नाही.

“यासाठी लंडनची परीक्षा कशाला पाहिजे? आपल्या कॉलनीतलं कुठलंही पोर इंग्रजी माध्यमाच्या ज्युनियर केजीत बसवलं की झालं. वर फीही आपणच भरतो.”

मी मधेच हैदराबादचं नाव काढून पाहिलं. इंग्रजी शिकवणाऱ्यांना शिकवण्यासाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये तिथे एक संस्था काढली, तिचं आता विद्यापीठ झालंय. देशातल्या कितीतरी प्राध्यापकांनी तिथे धडे गिरवले. पण या संस्थेची जाहिरात कीर्तनात येत नाही, तिच्या पानावर उलटं घड्याळ नाही, शहाळंही नाही. पुतणीने सहानुभूतीने ऐकून घेतलं.

“काका, हनोईतल्या शाळावाल्याला हैदराबाद कुठेय ते कोण समजावणार?”

यावर उत्तर नव्हतं. प्रमाणपत्र आपल्याला काय शिकवतं याला महत्त्व किती आणि नोकरी देणाऱ्याने त्याचं नाव ऐकलंय का याला किती, हा हिशेब कोणत्याच कोर्सच्या माहितीपत्रकात नसतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. असलीच तर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. ती म्हणजे पासपोर्ट. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी कुठला तरी पासपोर्ट असला की इंग्रजी येतं. आमच्याकडे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत लागतो. बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्याला आपण जिंकलो की हरलो हे वकिलाच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं, इतकं इंग्रजी आमच्या देशात आहे. पण कोरियाच्या खिडकीवर त्याला किंमत नाही. अगदीच नाही असंही नाही. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात भारतीयांसाठी सहायक शिक्षकाची एक फट ठेवलेली आहे, मात्र तिच्यातून आत जायला पदवीसोबत शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते.

“मी तेव्हाच म्हटलं होतं, बी.एड. करून ठेव,” दादा म्हणाला. हे वाक्य तो पुढे चीन, आखाती देश आणि थायलंड या तिन्ही प्रकरणांत म्हणाला.

चीनचं तर औरच. जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शिकवण्यांच्या धंद्याला असा लगाम घातला, की परदेशातून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम एका फर्मानात गेलं. काही कोर्सवाल्यांच्या पानांवर मात्र ती चिनी मुलं अजून हेडफोन लावून हसत बसलेली आहेत.

आपण नक्की कुठे बसतो याचा छडा लावताना पुतणीला ब्रज काचरू सापडले. काश्मिरात जन्मलेले, अमेरिकेत नावारूपाला आलेले भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९८५ मध्ये जगभरच्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका वगैरे, बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर अशी एकेकाळी इंग्रजांच्या ताब्यात असलेली मंडळी, आणि त्यापलीकडच्या वाढत्या वर्तुळात चीन, जपान, कोरिया. काचरूंचं म्हणणं असं, की बाहेरच्या वर्तुळातलं इंग्रजी हे बिघडलेलं इंग्रजी नव्हे, ते त्या त्या देशाचं स्वतःचं इंग्रजी आहे. पुतणीने कागदावर वर्तुळं काढून दाखवली.

“म्हणजे पेठेत राहणारे ते, आणि आपण वाघोलीचे,” वहिनी म्हणाल्या.

जगातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे समजावायला तासभर लागतो असं म्हणतात. वाघोलीच्या माणसाला पत्ता पुण्याचा लावता येतो पण पुणेकर म्हणवून घेता येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला काचरू आणखी वाचायची गरज नाही.

व्हिएतनामचा दरवाजा मात्र किलकिला होता. पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, आणि कागदांवर शिक्के. आधी मंत्रालयाचा, मग परराष्ट्र खात्याचा, मग वकिलातीचा. पुतणीचा चेहरा पडला, दादाचा खुलला. एका कागदावर तीन शिक्के हा त्याच्या सुखाचा विषय आहे.

सेल्टा ठरला. पैसेही तयार होते. तेव्हा कळलं, की नुसते पैसे देऊन प्रवेश मिळत नाही. आधी अर्ज, त्यासोबत प्रश्नपत्रिका, मग मुलाखत, आणि त्यानंतरही ते नको म्हणू शकतात. आतापर्यंत धाकधूक असलेला दादा इथे पुरता निर्धास्त झाला. पुणेकराचा विश्वास बसायचा तर दुकानदाराने निदान एकदा तरी ‘नाही’ म्हणावं लागतं.

प्रश्नपत्रिकेत ‘आय लिव्ड हिअर’ आणि ‘आय हॅव लिव्ड हिअर’ यांतला फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल, अशा तऱ्हेचे प्रश्न होते. पुतणीने रेन अँड मार्टिनच्या पुण्याईवर ते सोडवले. पुढे तिच्या तुकडीत एक इंग्रज तरुण होता. तो जन्मापासून पूर्ण वर्तमानकाळ वापरत आलेला, पण त्याला तसं नाव आहे हे त्याला तिथे कळलं. तो रोज रात्री तिला मेसेज करून व्याकरण विचारायचा. सातांतल्या एका देशाचा पासपोर्ट त्याच्या खिशात होता.

कोर्स चार आठवड्यांचा आणि ऑनलाइन. घरातल्या मागच्या खोलीत वर्ग भरू लागला. विद्यार्थी कुठून कुठून आलेले, ब्राझीलची परिचारिका, तुर्कस्तानातला स्टेशनमास्तर, युक्रेनच्या एक आजी. फुकट शिकायला मिळतं म्हणून ते येतात आणि शिकाऊ शिक्षकांचे प्रयोग सोसतात. कोपऱ्यात दोन काळे चौकोन. कॅमेरा बंद ठेवून बसलेले प्रशिक्षक. ते बोलत नाहीत, लिहितात.

पहिल्या वर्गानंतर पुतणी बाहेर आली ती रडवेली. “मी फार बोलते म्हणे.”

घरात शांतता पसरली. हे आम्ही तिला लहानपणापासून सांगत आलोय, पण त्यासाठी केंब्रिजने पैसे घ्यावेत हे अघटित होतं. या कोर्सचं मुख्य तत्त्वच हे आहे. शिक्षकाच्या बोलण्याचा वेळ मोजतात, आणि तो जितका कमी तितका शिक्षक चांगला. समजावून सांगायचं नाही, विद्यार्थ्याकडून काढून घ्यायचं. नियम आधी सांगायचा नाही, उदाहरणांतून त्याला सापडू द्यायचा. मी ज्या शाळेत शिकलो तिथे तास म्हणजे गुरुजींचं अखंड बोलणं. घंटा झाली तरी ते दारातून बोलत बोलत जायचे. त्यांना कुणी ‘तुम्ही कमी बोला’ असं सांगितलं असतं तर त्यावरही त्यांनी पाऊण तास घेतला असता.

याहून मोठा धक्का पुढे होता. ‘समजलं का?’ असं विचारायला सक्त मनाई. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेतून हा प्रश्न काढून घ्या आणि उरलेल्या तासाला काही आकार राहतो का बघा. ‘समजलं का?’ हे विचारणं नसतंच, तो एक विधी आहे. वर्गाने एका सुरात ‘हो ऽ सर’ म्हणायचं असतं, म्हणजे पुढचं पान उलटता येतं. कुणी ‘नाही’ म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही, कारण त्यानंतर काय करायचं हे सरांनाही माहीत नसतं. केंब्रिजच्या मते या प्रश्नाला काही अर्थ नाही. त्याऐवजी अर्थ नेमका पोचला की नाही हे चाचपणारे छोटे छोटे प्रश्न विचारायचे. उत्तर एकदोन शब्दांत येईल असे.

याचा सराव घरच्यांवर व्हायला लागला. ‘यूज्ड टु’ हा प्रयोग शिकवायचा होता, म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. आजीला खुर्चीवर बसवलं.

“आजी, वाक्य ऐक. ‘मी पूर्वी मिसरी लावायचे.’ आता सांग, पूर्वी लावायचीस?”

“लावायचे की.”

“रोज लावायचीस की एकदाच?”

“रोज. दोनदा.”

“छान. आणि आता लावतेस?”

आजी गप्प. पुतणीने नियमाप्रमाणे वाट पाहिली. उत्तर आपण द्यायचं नाही, थांबायचं.

“आजी, आता लावतेस?”

“सोडली असं कुणी सांगितलं तुला?”

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डॉक्टरांनी मिसरी बंद केल्याला बराच काळ लोटला होता आणि ती बंद आहे यावर घराचा विश्वास होता. नुसतं ‘समजलं का?’ विचारलं असतं तर आजी ‘हो’ म्हणाली असती आणि डबी उशीखाली सुखात राहिली असती. प्रश्नपद्धतीत दम आहे हे मला त्या दिवशी पटलं. आजीचं मत अजून प्रतिकूल आहे.

मग हे लोण पसरलं. सूचना दिली की ती पोचल्याची खात्री करायची, हाही नियम. “बाबा, तुम्ही खाली जाताय. आधी इस्त्रीवाला की आधी भाजी? कोथिंबीर एक जुडी की दोन? जुनी पिशवी नेणार की नवी घेणार?” दादा उत्तरं देत देत जिना उतरायचा. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो सगळं आणायचा. बोटांचीही एक भाषा असते. एकेक बोट म्हणजे एकेक शब्द, दोन बोटं जवळ आणली की ते दोन शब्द जोडून म्हणायचे. जेवताना पुतणी पाठ घोकत असली की बोटं आपोआप वर व्हायची आणि वहिनी तितक्या पोळ्या वाढायच्या.

पाठाचा आराखडा पाऊण तासाचा आणि कागद पंधरवड्याच्या दौऱ्याचे. उद्दिष्ट, उपउद्दिष्ट, प्रत्येक टप्प्याची मिनिटं, विद्यार्थी कुठे अडतील याचा अंदाज, आणि अडले तर उपाय. ‘कुकरची शिट्टी’ ही अडचण तिने त्यात लिहिली होती. उपाय: आईशी बोलणे.

पाठ झाल्यावर प्रशिक्षक विचारत, “तुम्हाला स्वतःला कसं वाटलं?” पुतणी सुरुवातीला खूश व्हायची. पुढे तिला उमगलं, की पाठ पार कोसळला असेल तेव्हा हे जास्त मायेने विचारतात. आमच्या गुरुजींची पद्धत सोपी होती, डस्टर उजवीकडून आला की उत्तर चुकलं. इथे आधी काय चांगलं झालं ते सांगतात, नंतर ‘एक गोष्ट करून बघता येईल’ म्हणतात, आणि त्या एका गोष्टीत सगळा पाठ मोडीत निघालेला असतो. पण कुणीतरी मागे बसून तुमचं शिकवणं मिनिटामिनिटाने बघतंय, लिहून घेतंय, आणि उद्या पुन्हा बघणार आहे, याला पर्याय नाही. लाखभर रुपये जातात ते या मागे बसलेल्या माणसाचे. बाकीचं सगळं दोन पुस्तकांत मिळतं.

निकाल आला. पास.

“किती टक्के?” दादाने विचारलं.

टक्के नसतात. पास अ, पास ब, आणि नुसता पास. बहुतेक जण नुसते पास होतात, आणि काही नापासही होतात, म्हणून पासला मान आहे. हे पुतणीने प्रश्न विचारून, उदाहरणं देऊन, चित्र काढून समजावलं. दादाच्या डोक्यात ‘पास क्लास’ घट्ट बसला होता. नातेवाइकांना त्याने फोनवर ‘केंब्रिजचा निकाल चांगला लागला’ एवढंच सांगितलं, आणि टक्क्यांचा विषय निघाला की रेंज जायची.

शिक्के झाले, अर्ज गेले, आणि हनोईच्या एका शाळेने मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर मुख्याध्यापिका, मागे त्यांच्या राष्ट्रपुरुषाची तसबीर. पुतणीने नमुन्याचा पाठ घेतला. मोजकं बोलली. बाईंनी मान डोलावली, उच्चार स्वच्छ आहेत म्हणाल्या, पासपोर्ट पुन्हा एकदा बघितला आणि चेहरा एकदम उजळला.

“तुम्ही भारतीय. म्हणजे गणितही शिकवता येईल ना?”

दाराआड उभ्या असलेल्या दादाच्या तोंडून ‘बी.एस्सी.’ असं काहीतरी निसटलं. वहिनींनी त्याला आत ओढलं.

पुतणीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शिकवल्याप्रमाणे ती क्षणभर थांबली.

“पाचवीला की दहावीला? इंग्रजीच्या तासांऐवजी की त्यांच्या जोडीला? आणि पगार तोच की वेगळा?”

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “वेगळा.”